पहिल्या ऑपरेशनचा मान

॥ श्री ॥
भिसेगाव (कर्जत), मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६९

श्रीयुत हिरामणराव यांना भिसेगावाहून कोंडाजीचा मनापासून रामराम. इकडे आम्ही सारे ठणठणीत. गाय व्याली, वाल फुलावर आला, तुमच्या बहिणीचा, इंदूचा, आवाजही पूर्वीइतकाच खणखणीत आहे. आपली प्रकृती कशी, असे विचारायचा रिवाज आहे, पण तुमच्या कार्डावरून ती कळलीच. उजव्या बाजूचे अपेंडिक्स सुजले आहे आणि येत्या सोमवारी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ते काढायचे ठरले आहे. वाचून मला वाईट वाटले. अपेंडिक्सचे नव्हे, मुंबईचे.

तिथे रोज सकाळी चार-पाच अपेंडिक्स निघतात, असे तुम्ही कौतुकाने लिहिता. अहो, हे कौतुक की तक्रार? लग्नाच्या जेवणावळीत पंगतीवर पंगती उठतात, तेव्हा कोणाच्या पानात मीठ पडले आणि कोणाच्या राहिले, हे वाढप्याला कळते काय? तिथल्या डॉक्टरला तुमच्याबद्दल माया कुठून येणार? आमच्या हॉस्पिटलात तुम्ही एकटेच. डॉक्टर तुमचे, टेबल तुमचे, गॅसबत्ती तुमची. चाकूसुद्धा कोरा, कोणाच्या पोटाला म्हणून लागलेला नाही. आणि आता स्वराज्य आले आहे. आपल्या पोटासाठी आपण किती दिवस मुंबईच्या तोंडाकडे बघायचे?

आमच्या हॉस्पिटलची हकीकत तुम्हाला ठाऊक नसेल. राईस मिलच्या शेटनी आपली भाताची वखार दिली, गावाने वर्गणी काढली आणि दसऱ्याला ऑपरेशनची खोली उघडली. मी कमिटीचा सेक्रेटरी. (दुसरे कोणी तयार नव्हते, हे खरे, पण निवड बिनविरोध झाली.) डॉक्टर तरुण आहेत, सज्जन आहेत. गळवे, काटे, एकदा शिकाऱ्याच्या मांडीतला छर्रा, असे पुष्कळ काम त्यांनी केले आहे. पोटाचे ऑपरेशन अजून केले नाही, पण कॉलेजात पाहिले आहे, आणि मी विचारले तेव्हा बरेच जवळून पाहिल्याचे सांगितले. अडचण एवढीच, की शेटनी अट घातली आहे. संक्रांतीपर्यंत एकही पोट उघडले नाही, तर खोली रिकामी करून पुन्हा पोती भरणार. म्हणजे हॉस्पिटल गेले, डॉक्टर गेले आणि माझे सेक्रेटरीपणही गेले.

पोट आले नव्हते असे नाही. दिवाळीनंतर कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या ठाकरवाडीतला पदू घोंगडीच्या डोलीतून आला. उजवीकडे हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्सच. मला इतका आनंद झाला, की मी त्याच्या बायकोला, जनाला, पेढा देऊ केला (तिने घेतला नाही). पण कमिटी जमली आणि कोणीतरी विचारले, पहिल्या ऑपरेशनचा मान कोणाचा? आता तुम्हीच सांगा, होळी पाटलांच्या हातून पेटते, पालखीला पहिला खांदा पाटलांचा, आणि गावाच्या हॉस्पिटलात पहिला चाकू वाडीवरच्या माणसाला? पाटील म्हणाले, माझा आग्रह नाही, पण वाडवडिलांची रीत मोडणारा मी कोण? त्यांना आजार तर काही नव्हता. शोधता शोधता डाव्या पायाचे कुरूप सापडले.

मग मुहूर्त पाहिला, सनईवाला बोलावला, टेबलाला आंब्याचे टहाळे बांधले. पदू ओट्यावर विव्हळत होता. त्याला पाणी देऊ नका असे डॉक्टरांनी सांगितले होते, तेवढे आम्ही काटेकोर पाळले. कुरूप काढायला गुंगीची गरज नसते, पण पाटलांनी विचारले, ठाकराला क्लोरोफॉर्म आणि मला नाही, हे कसे? दिला. पाटलांचा देह तुम्ही पाहिला आहे. एकुलती एक बाटली संपली तेव्हा कुठे ते आडवे झाले, आणि मग टेबलावरून काही केल्या उठेनात. आम्ही चौघांनी उचलून पाहिले, तर त्यांनी झोपेतच माझ्या थोबाडीत मारली. जना सगळे बघत होती. ती एवढेच म्हणाली, "पाटील उठंपरत माजा नवरा निजंल कायमचा." तिने डोली उचलायला लावली आणि दुपारच्या गाडीने पदूला मुंबईला नेले.

तो मेला असता तर आमचा मुद्दा सिद्ध झाला असता, असे मी म्हणत नाही. पण तो पंधरवड्यात स्टेशनावरून स्वतःच्या पायांनी चालत आला. भेटला तेव्हा मी विचारले, काय रे, फार हाल केले का? म्हणाला, "नाय बा. मोप लोकांना कापत हुते. माजा नंबर कदी आला न् गेला, कळलाच नाय." बघा, म्हणजे कापले तरी कळू दिले नाही, इतकी तिथे आपुलकीची वानवा! आमच्या पाटलांचे तसे नाही. कुरूप चिघळले, डॉक्टर रोज घरी जाऊन पट्टी बदलतात, तासभर बसतात, चहा घेतात. पाटील अजून लंगडतात, पण त्यांची विचारपूस सगळा तालुका करतो. शेट मात्र कुरुपाला पोट मानायला तयार नाहीत.

म्हणून म्हणतो, हिरामणराव, तुम्ही इकडेच या. मानाचा प्रश्न मिटला आहे, बाटली नवी आणली आहे. तुमच्या बहिणीला हा बेत सांगितला, तर ती चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "भाऊ हाय तो माजा, नारळ नाय, तुमी फोडाया!" बायकांना सार्वजनिक कामातले काय कळणार? तुम्ही पुरुषासारखा विचार करा, आणि सोमवारचा बेत मोडल्याचे उलटटपाली कळवा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कोंडाजी

ता. क. : पत्र बंद करणार, तोच माझ्या पोटात दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे. इंदूने वाद न घालता माझे अंथरूण घातले, तेव्हा मी घाबरलो. डॉक्टर आले, पोट दाबून पाहिले, दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाले, "कोंडाजीराव, पहिली गाडी पकडा. माझा सख्खा भाऊ असता तरी मी त्याला मुंबईलाच पाठवले असते. ज्यांचा हात रोज चालतो, त्यांच्याकडे जा." हिरामणराव, खरे सांगतो, मला मरायचे नाही. हे पत्र घेऊन आमचा गडी सखा पुढच्या गाडीने निघतो आहे, मागोमाग मी आणि इंदू येतो. तुमच्या डॉक्टरच्या पायावर डोके ठेवा आणि माझी सोय करा. रोज चार-पाच काढतात ना, तेच हवेत. त्यांच्यात कोणी आठ काढणारा असेल, तर तो बघा. माया नसली तरी चालेल.

दुसरा ता. क. : कर्जतला सांगितले आहे, की मी तुमच्या आजारपणात सोबतीला चाललो. तेवढे सांभाळून घ्या. आणि एक विनंती. ऑपरेशन तिकडे झाले, तरी टाके काढायला आपण दोघांनीही इकडे यावे. टाके पोटाचेच असतात, तेव्हा शेटना नाही म्हणता येणार नाही. संक्रांतीच्या आत दोन पोटे हिशेबाला लागतील, खोली वाचेल. आमच्या डॉक्टरांनी आजवर कोणाच्या पोटाचे टाके काढलेले नाहीत, म्हणून आधी तुमचे काढू.