शेवटची चार मिनिटं

९ जानेवारी २००६

आग विझली. म्हणजे हिंजवडीतल्या कंपनीची ‘आग लागल्यास काय करावे’ ही फिल्म संपली. अकरा मिनिटांची. सात महोत्सव फिरून आलेला मी, दिग्दर्शक, चाळीस इंजिनिअरांना जिन्यावरून ओळीत उतरवत होता. तिसऱ्या टेकला एकजण हसत उतरला. म्हटलं, अहो, आग लागली आहे, पगारवाढ झालेली नाही. ‘सॉरी सर.’

पहिला चित्रपट त्र्याण्णव साली. पुण्यात एक आठवडा चालला. शेवटच्या खेळाला नऊ माणसं, त्यातली दोन माझ्या सासरची. मग कुटुंबनियोजन, ठिबक सिंचन, आणि आता आग. मला स्वतंत्र दिग्दर्शक म्हणतात. म्हणजे ज्याला कोणी विचारत नाही असा.

१२ जानेवारी

आगीतून एक निर्माता निघाला. अभिनव, वय एकतीस, त्याच कंपनीत कसलासा मॅनेजर. मार्केट यार्डातल्या हमालावर मी पटकथा लिहून ठेवली आहे हे त्याला कुठून तरी कळलं. शेअर विकलेत म्हणे, चित्रपट काढायचा आहे.

‘द्या सर, दोन दिवसांत वाचतो.’

या धंद्यात निर्माता वाचत नाही. लेखकाने समोर बसून ऐकवायचं, त्याने मधे मधे फोन घ्यायचे. हा वाचतो म्हणाला. अगदीच नवखा आहे.

१५ जानेवारी

खरंच वाचली!

‘सर, सगळं आवडलं. फक्त शेवटी त्याला मारू नका. तेवढी एकच अट.’

आलं. माझा हमाल शेवटी पोत्याखाली कोसळतो आणि मरतो. चार मिनिटांचा सलग शॉट, कॅमेरा हलत नाही. या चार मिनिटांपायी तीन निर्माते घालवले – एकाला तिथे गाणं हवं होतं, एकाला हमालाला लॉटरी लागलेली हवी होती, तिसऱ्याला मुलीचं लग्न. आता हा चौथा. मल्टिप्लेक्समध्ये मक्याचे दाणे खाताना यांना मरण पचत नाही.

विचारलं, ‘मार्केट यार्ड पाहिलंय का आपण कधी?’

‘थोडंफार माहीत आहे, सर.’

‘कांदे घ्यायला जात असाल.’

तो पटकथेची पानं सारखी करत राहिला. वाक्य झकास बसलं होतं.

१६ जानेवारी

नम्रता म्हणाली, ‘आणखी किती वर्षं मारणार आहात त्या माणसाला? एकदाचा जगवा, घराला रंग तरी देऊ.’

घर बायकोच्या पगारावर चालतं.

१९ जानेवारी

अभिनवला ई-मेल केली. शेवट बदलणार नाही. दोन ओळी. तिसरी जरा झोंबणारी होती, तीही ठेवली.

२२ जानेवारी

त्याचा फोन. मला वाटलं, संपलं. तर म्हणतो, ‘शेवट तुमचाच ठेवू, सर. अट सोडली. पण सुरू करायच्या आधी एकदा माझ्या वडिलांना ऐकवाल? ते वाचत नाहीत.’

मोतीबिंदू असणार. बँकेतून निवृत्त, विश्रांतवाडीत फ्लॅट, सकाळी हास्यक्लब. ‘यातून समाजाला संदेश काय?’ हे तर विचारणारच. जाईन. त्यांच्या सोफ्यासमोर हमालाला मारून, चहा पिऊन परत येईन.

२९ जानेवारी

दार वडिलांनीच उघडलं. उत्तरेश्वर नाव. सदऱ्याच्या गळ्यातून मानेखालचा घट्टा दिसला – पोत्यांनी पडतो तो. यार्डात तीन महिने बसून मी वहीत त्याची चित्रं काढली आहेत. लातूरकडून आलेले, तीस वर्षं हमाली.

सोफा सोडून खाली मांडी घालून बसले. दीड तास हलले नाहीत. अभिनव दाराशी उभा.

शेवटचं पान आलं. वाचलं नाही. हमाल पडला – मग उठून बसला, कोणाकडून तरी पाणी घेतलं – तोंडाला येईल ते सांगत गेलो, कागद हातात तसाच.

मग उत्तरेश्वररावांनी विचारलं, ‘दुसऱ्या दिवशी कामाला गेला का मग त्यो?’

मला माहीत नव्हतं.