सुत्रिस्नोंचं सात वळणांचं पातं

३ नोव्हेंबर, सोम.
पाक सुत्रिस्नोंची वेल्डर टेस्ट. (पाक म्हणजे त्यांच्या जावात काका. साइटवर सगळेच तसं म्हणतात.) एक्स-रे फिल्म पाहिली. मुळाशी जोड भरलाच नाही. त्यांचा हात थरथरतो आताशा. पंधरा वर्षं त्यांचं काम तपासतोय, एक जोड परत केला नव्हता. नियमाने अजून एकच संधी, येत्या रविवारी. तीही गेली तर नोकरी गेली.

७ नोव्हें., शुक्र.
पाकनी जलीबला, कामगारवस्तीतल्या त्यांच्या खोलीवर बोलावलं. बायकोचं, वैदेहीचं म्हणणं, रीटेस्टच्या आधी इन्स्पेक्टरने वेल्डरकडे जाऊ नये. बरोबरच आहे. तरी फिंतासहून, घरून गेलो.

त्यांनी बॅगेतून पिवळं फडकं काढलं. आत क्रिस, जावाची कट्यार, वीतभर. कपाळाला लावली, मग म्यान हळूच उचललं. नागमोडी पातं, सात वळणं. काळ्या लोखंडात पांढरे ठिपके, रेषा. या नक्षीला ते ‘सांडलेला तांदूळ’ म्हणतात. रंगवलेली नाही, कोरलेली नाही. लोखंड नि निकेल एकावर एक, तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा. शेवटी लिंबाचा रस नि सोमल (आर्सेनिक) चोळला की उमटते.

रॉड नाही, करंट नाही. फक्त आग आणि हातोडा!

भिंग लावून बसलो. सवयीने दोष शोधत होतो. पाऊण तास. एक फट नाही.

घडवलं कोणी, तर त्यांनीच. एकोणिसाव्या वर्षी, वडिलांच्या भट्टीवर. मग पोटासाठी शिपयार्ड, मग इकडे आखातात. मी हात जोडले. पात्याला की त्यांना, कुणास ठाऊक.

निघताना म्हणाले, "रविवारी सांभाळून घ्या म्हणायला नाही बोलावलं. तुम्हाला लोखंड कळतं, म्हणून दाखवलं."

९ नोव्हें., रवि.
रीटेस्ट. फिल्म बरी वाटली. पास लिहिणार होतो. खरं तर नीट बघायचंच टाळत होतो.
पाकनी फिल्म उजेडापुढे धरली, एका बारीक काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, हे काय आहे?"
फेल लिहिलं. सही केली.

१४ नोव्हें., शुक्र.
पाक महिनाअखेर गावी चालले. वडील गेल्यापासून भट्टी बंद, भावाने तिथे लाकडं भरलीत. ती रिकामी करून पुन्हा कट्यारी घडवणार म्हणतात. मी विचारलं, हाताचं काय? म्हणाले, घण मारणारे वेगळे असतात. घडवणाऱ्याने आगीचा रंग ओळखायचा, कुठे थांबायचं ते सांगायचं.
मी म्हटलं, येईल ओळखता, इतक्या वर्षांनी?
मग म्हणाले, "पेटवल्यावर कळेल."