शेजारची खुर्ची

मु. कडा

ती. आत्याबाईंना,
विजयमालाचा वाकून नमस्कार.

मी इथं मजेत हाय, जेवणाचे हाल न्हाईत. चिनूचा खोकला थांबला का? ओव्याचा शेक तुमी देतच असाल, तरी आईचा जीव लेकीत अडकतो. मामंजींचे गुडघे कसे हायत?

आमच्या बचत गटाला इथल्या ऊसतोडीच्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवायला अनुदान मिळालंय. त्यातून आमी हौसेनं नव्या खुर्च्या आणल्या अन् फजिती झाली. वर्गाला सासवा-सुना मिळूनच येतात. सासवा सवयीनं भुईवर बसल्या. सासू खाली असताना सून खुर्चीवर कशी बसणार? सासवांना आग्रहानं वर बसवलं, तर सुना सासूच्या बरोबरीनं बसंनात. मी लई चिडले. पण मला तरी बोलायला तोंड कुठं होतं?

काल विमलबाई नावाच्या सासूबाई आल्या. खुर्चीवर बसल्या अन् मागं भुईवर बसलेल्या सुनेला म्हणाल्या, "ये, बस माझ्या शेजारी. तिथून तुला फळा दिसंना, मग घरी मला काय शिकवशील?" सून लाजत लाजत बसली. तिचं बघून बाकीच्याही बसल्या. वर्ग कसा भरल्यासारखा वाटला!

फोनवर हे बोलायचा धीर झाला नसता, म्हणून लिहिलं. ह्यांच्याकडून वाचून घ्या, अन् हसू नका.

उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाला की मी घरी येते. आपल्या ओसरीत तुमी खुर्चीवर असता अन् मी उंबऱ्यापाशी. दुसरी खुर्ची मी पुसून तुमच्या शेजारी ठेवीन. "बस" म्हणायचं तेवढं तुमी म्हणा.

तुमची सून,
विजयमाला