सातवा त्रिकोण

प्रिय टाचणी,

पत्राआधी पार्सल उघडलं असशील, तर त्यातलं कापड तसंच टेबलावर ठेव आणि आधी हे वाच. हो, अक्षर माझंच आहे. पाच वर्षांत तुला मी एक ओळ लिहिली नाही. दर रविवारी तुझा आईला फोन येतो तेव्हा मी बाजूच्या खोलीत कोणाच्या तरी कोटाला काजं करत बसतो. आई मुद्दाम मोठ्यानं बोलते. त्यामुळे मला ठाऊक आहे की तुझा प्रबंध पुरा झाला, आणि पुढच्या महिन्यात बारा तारखेला तू तो सगळ्यांसमोर मांडणार आहेस.

इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याची कुरकुर चालू असते, म्हणजे गुडघ्याची कमी आणि आईची जास्त. शिवणाच्या दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली. माझ्या नावाशेजारी तुझ्या नावासाठी सोडलेली जागा रंगाऱ्याला भरू दिली नाही. तो म्हणाला, पाटी एका अंगाला कलल्यासारखी दिसते. दिसू दे म्हटलं.

खरी बातमी पुढेच आहे. मी तुझा विषय शिकतोय. हसू नकोस. गणिताच्या एक निवृत्त बाई कोट सैल करून घ्यायला आल्या होत्या. तू मागे ठेवून गेलेली वही मी त्यांना दाखवली, ती वक्ररेषा आणि पृष्ठभागांची, तर त्या माप द्यायचं विसरून उभ्या उभ्या वाचत राहिल्या. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी, दुकान बंद असतं तेव्हा येतात. पहिले दोन महिने सगळं डोक्यावरून गेलं. मग बाईंनी माझ्याच रिळाचा दोरा हातात घेतला. म्हणाल्या, दोऱ्याला प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टी विचारायच्या, तू किती वळतोस आणि टेबल सोडून किती पिळतोस. पहिली वक्रता, दुसरा पीळ. ही दोन कळली की दोऱ्याचा आकार पक्का, मग तो कुठंही नेऊन ठेवा. मी म्हटलं, बाई, आमच्या घरात पिळाचा सुकाळ आहे. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आई आपल्या दोघांबद्दल म्हणते ना, ते गणितात बसतं हे मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तर म्हणाली, मला ते शिकवणी न लावताच कळलं होतं.

पृष्ठभागांशी आलो तेव्हा मात्र मला जरा हुरूप आला. बाही गोल दिसते, पण उसवली की टेबलावर निमूट पसरते. खांदा सगळीकडून खाली उतरतो, तिथं कडेला कापड जास्त होतं, वाफ देऊन जिरवावं लागतं. आणि मान जिथं खांद्याला मिळते तिथं एकीकडून वर, एकीकडून खाली, खोगिरासारखं. तिथं कापड कमी पडतं, ताणून घ्यावं लागतं. पस्तीस वर्षं हे माझ्या अंगठ्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. बाई म्हणाल्या, कापड कितीही वाकवा, दुमडा, त्याची ही मूळची वक्रता बदलत नाही. ती घालवायची तर ताणावं लागतं, नाहीतर कापावं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझं ते कापड आठवलं. तीच खोगिराची वक्रता दाखवायला त्रिकोणी तुकडे जोडून तू महिनाभर शिवलेलं, कडेनं झालरीसारखं उठलेलं. परीक्षकांपुढे तू ते पिशवीतून काढलंस तेव्हा ते रुमालासारखं सपाट झालेलं होतं. संध्याकाळी घरी येऊन तू एवढंच विचारलंस, बाबा, हे मुद्दाम केलंत? मी हो म्हणालो. आठवडाभर आधीच जेवताना मी तुझ्या गणिताला रिकामा उद्योग म्हणालो होतो, त्यापेक्षा दुकानात बस म्हणालो होतो. तेव्हा तू जो अर्थ लावलास त्यात तुझी काही चूक नाही. तुझं वर्ष गेलं, आणि मग तू गेलीस.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलंय ते सांगतो. परीक्षेच्या त्या पहाटे तू दमून झोपली होतीस आणि कापड टेबलावर पडलं होतं. मी हात फिरवला, सपाट बसेना. मोजलं. एका टोकाभोवती सारख्या बाजूंचे सहा त्रिकोण नेमके सपाट मावतात, तू प्रत्येक ठिकाणी सात घातले होतेस. मला वाटलं, पोरीचं मोजण्यात चुकलं, आता चार लोकांत तिचं हसं होईल. तू उठेपर्यंत बसून एकेक सातवा त्रिकोण उसवला, पुन्हा शिवलं, इस्त्री फिरवली आणि घडी करून तुझ्या पिशवीत ठेवलं. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी शाबासकीच्या तयारीत होतो गं, म्हणून हो म्हणालो. तुझा चेहरा बघून काहीतरी बिघडलंय एवढं समजलं, पण मला यातलं कळत नव्हतं, हे म्हणायला जीभ वळेना. दुष्ट बाप व्हायला मी तयार झालो, अडाणी बाप व्हायला नाही. ते पाच वर्षं पुरलं. माझं चुकलं, टाचणी. पार्सलमध्ये नवं शिवलंय, सगळीकडे सात. दोनदा हात सवयीनं सहावर थांबला, दोनदा उसवलं. बाईंनी प्रत्येक टोक मोजून पाहिलंय. बारा तारखेला समोर ठेवायला उपयोगी पडलं तर ने. आईबरोबर मीही यावं म्हणतो, मागच्या बाकावर बसेन. काय ते रविवारी आईला सांग. मी बाजूच्या खोलीत असेनच.

तुझाच,
सात मोजायला शिकलेला
बाबा

ता. क. टपालात दबलं असेल, पण इस्त्री फिरवू नकोस.