गालातली लांबी

३ मार्च
उजव्या गालात गाठ. वाटाण्याएवढी. दाढी करताना हाताला लागली. दाताचंच काहीतरी असणार. तीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतोय. भिंतीचा फुगवटा बघून ओल कुठून आली ते सांगतो, मग स्वतःच्या गालाचं कळणार नाही? आठवड्याभरात बसेल.

९ मार्च
वाटाण्याची सुपारी झाली. बायकोच्या नजरेस पडली. तिने लगेच मुलीला फोन लावला. मुलीला कशाला म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही गप्प बसा.

खरं फक्त या वहीत. दीड वर्षापूर्वी ब्यूटी क्लिनिकमध्ये जाऊन, ओढलेले गाल भरलेले दिसावेत म्हणून त्यांत फिलर भरून घेतलं. गिऱ्हाईक, मेहुणा, लिफ्टमन, जो तो विचारायचा, बरं नाही का? दमलेला होतोच, पण ते चारचौघांनी कशाला सांगावं? घरी म्हटलं, वजन वाढलंय. हिने माझ्या चहातली साखर बंद केली. महिनाभर मुकाट्याने प्यालो.

१२ मार्च, सकाळी ११
डॉक्टरांकडे फॉर्म. पूर्वी काही ऑपरेशन, औषध, इंजेक्शन? ही शेजारी बसून फॉर्म वाचत होती. मी नीट विचार केला. फिलर म्हणजे औषध नव्हे. आमच्या धंद्यात भिंतीचे खड्डे पुट्टीने बुजवतात, त्याला लांबी भरणं म्हणतात. हीसुद्धा लांबीच. लांबीला औषध कोण म्हणतं? 'नाही' लिहिलं. अक्षर सुंदर आलं.

डॉक्टरांनी बराच वेळ गाल चाचपला. स्कॅन सांगितला.

१६ मार्च
गाठ स्कॅनमध्ये उजळून दिसते म्हणे. ट्यूमर असू शकतो. तुकडा काढून तपासायचा. ही पार्किंगमध्ये रडली. तेव्हाच सांगणार होतो, पण रडत्या माणसाला मध्येच अडवू नये. सोमवारी नक्की.

१७ मार्च
मेहुणा भेटायला आला. वीस वर्षांत पहिल्यांदा उठून मला खुर्ची दिली. आजाराला मान आहे. पण बसूनही दमायला होतं.

१९ मार्च, सोमवार
हिला ऑफिसचं पत्र आलं. मुख्य ग्रंथपालाची जागा, दुसऱ्या शहरात. सोळा वर्षं वाट बघत होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं. अशा वेळी फिलरचा विषय कुठे काढायचा? गुरुवारी सांगू.

२२ मार्च
तुकडा काढला. गालाला पट्टी, बोलायची मनाई. डॉक्टरांचाच हुकूम, माझा नाइलाज. कागदावर लिहून सांगता आलं असतं, पण माझं अक्षर हिला लागत नाही.

२३ मार्च
हिने नकार कळवला. म्हणाली, तुम्हाला असं टाकून कुठे जाऊ? मी मान हलवली. कोणत्या अर्थाने हलवली, माझं मलाच कळलं नाही. फार थकलोय.

२९ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. बाहेरून घातलेल्या कशाला तरी शरीराने परकं ठरवून भोवती गाठ बांधली. डॉक्टरांनी माझा फॉर्म काढून विचारलं, गालात फिलर भरलंय का? मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, छे हो, यांना असली थेरं आवडत नाहीत. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दीड वर्ष झालं.

डॉक्टर म्हणाले, औषधाने बसेल, पण आधी सांगायचं होतं. मी सुटल्यासारखा हसलो. एकटाच.

बाहेर बाकावर बसून हिने ऑफिसला फोन लावला. नकार मागे घेता येईल का, विचारलं. पलीकडचं मलाही ऐकू आलं. जागा कालच भरली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फोन पर्समध्ये ठेवून एवढंच म्हणाली, मला वाटलं, तुम्ही जाणार. म्हणून मी थांबले.