ती कुठे असते

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, नववीतून शाळा सोडलेली, आणि कुठल्याच कामावर तीन महिन्यांच्या वर टिकत नव्हतो. आता मस्कतला आहे. इमारतींना बाहेरून लोखंडी परांच्या बांधतो. टिकलोय, चौथं वर्ष चालू आहे. आज शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी. खोलीतले पाचही जण दुपारचं जेवून झोपलेत आणि मी साइटवरच्या तपासणी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. शुद्धलेखन बघू नका. तुम्ही बघायचात.

तुम्हाला सून आली, नातू झाला. नातू सहा वर्षांचा आहे, कान तुमच्यासारखे बाहेर आलेले. सून डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये आहे, घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. कोर्स तिने लग्नानंतर केला, पोरगा पोटात असताना. सकाळी सहाला स्कूटी काढते. आई, ती आणि पोरगा कल्याण पूर्वेला आपल्या त्याच खोलीत राहतात. इथवरचं सगळं तुम्हाला आवडलं असतं. पुढचं आवडणार नाही.

आमच्या खोलीत एक पद्धत आहे. संध्याकाळी ड्युटी सुटली की सगळे आपापल्या बेडवर बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात, आणि बोलणं सुरू व्हायच्या आधी बायकोला फोन घरभर फिरवायला लावतात. दारामागे, मोरीकडे, गॅलरीत. त्याला आम्ही राउंड म्हणतो. हे आम्हाला शिकवलं खोलीतल्या सगळ्यात जुन्या माणसाने. तो रत्नागिरीकडचा, वयाने मोठा, आम्ही त्याला काका म्हणतो. मी नवीन आलेलो तेव्हा मला बोलला, "बायकोला लोकेशन चालू ठेवायला सांग. प्रेम वेगळं, व्यवस्था वेगळी." मला ते लय शहाणपणाचं वाटलं. मोबाइलवर पण तसेच व्हिडिओ येत राहायचे, दाढीवाले दणकट लोक सांगायचे की खऱ्या मर्दाने कसं राहायचं, बायकोला कितपत सूट द्यायची. एक बघितला की पुढचे दहा आपोआप यायचे. मी बघायचो आणि मान डोलवायचो.

तर तिचा निळा ठिपका माझ्या फोनच्या नकाशावर फिरायचा. मानपाडा, लोढा, परत स्टेशन. एकदा तो शीळफाट्याला पस्तीस मिनिटं हललाच नाही. मी अकरा फोन केले. बाराव्याला उचलला तर मागे ट्रकचे हॉर्न. ती बोलली, "अहो, शीळफाटा आहे हा. इथे कोण हलतं का? विसरलात?" विसरलो नव्हतो. तरी मी तिला कॅमेरा फिरवायला लावला. भर रस्त्यात, हेल्मेट घालून, तिने मला चारी बाजूंचे ट्रक दाखवले. एका ट्रकच्या ड्रायव्हरने मला हात केला. काका आणि बाकीचे पोट धरून हसले, मी पण हसलो. ती हसली नव्हती, हे मला आज आठवतंय.

गेल्या महिन्यात पोराच्या बाईंनी तिला शाळेत बोलावून घेतलं. त्याच्या बाकावर एक मुलगी बसते. ती मधल्या सुट्टीत दुसऱ्या कुणाबरोबर पाणी प्यायला गेली. परत आली तर आपल्या पोराने कंपासपेटी फोनसारखी तिच्या तोंडासमोर धरली आणि बोलला, "मला न विचारता कुठे गेलेलीस? फिरव. कोण आहे तुझ्यासोबत, दाखव." ती घाबरून रडायला लागली. बाई आधी हसल्या म्हणे. मग त्यांनी विचारलं, घरी असं कोण करतं?

त्या संध्याकाळी तुमच्या सुनेने हे सगळं मला सांगितलं. आवाज चढवला नाही. बोलली, "मी बाईंना काही उत्तर दिलं नाही. तुम्ही सांगा, काय देऊ?" मग बोलली, "मला चार वर्षांत सवय झाली. त्याला नाही होऊ द्यायची. आजपासून लोकेशन बंद. फोन रोज करेन, फिरवणार नाही." मी रागाने फोन ठेवला आणि दोन दिवस लावला नाही. काका बोलला, "बघ, नोकरी करणारी आहे ना, हे होणारच."

दुसऱ्या दिवशी मी सातव्या मजल्यावर परांची बांधली. आमच्यात बांधून झालं, तपासलं, की खाली हिरवी पाटी लावतात. पाटी बघून प्लास्टरवाले वर चढतात. कोणी बांधली, नट कसला की नाही, कोणी विचारत नाही. मला बघितलेलंसुद्धा नसतं त्यांनी. मी पाटी लावली आणि चार माणसं माझ्या बाजूने वर गेली, गप्पा मारत, एक जण तर शिट्टी वाजवत. मी तिथेच उभा राहिलो. फोरमन ओरडला तरी हललो नाही. तेव्हा मला तुमचा तो रविवार आठवला.

मी अकरा वर्षांचा असेन. आई तेव्हा कल्याणच्या एका दवाखान्यात आया होती आणि तुम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायच्या कारखान्यात. तुमची नखं कधी निळी, कधी मरून. आईची सकाळपाळी असली की तुम्ही चाळीच्या नळावर तिच्या साड्या धुवायचात, आणि ओट्यावरचे लोक बोलायचे, "जपून हां, रंग लागेल वहिनींच्या साडीला." तुम्ही हसायचात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवीन राहायला आलेल्या एका पोराला मी सांगितलं होतं की हे आमचे शेजारी आहेत. तर त्या शनिवारी आईला यायला उशीर झाला. मी ओट्यावरच्या लोकांसारखा दारात कमरेवर हात ठेवून उभा, आणि ती चप्पल काढतेय तोवर विचारलं, "इतका वेळ कुठे होतीस?" तुम्ही आत चपात्या लाटत होता. लाटणं थांबलं. मला वाटलं आता पडणार पाठीत. तुम्ही काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमची सुट्टी, आईची ड्युटी. तुम्ही मला आंघोळ घालून, भांग पाडून, चालत दवाखान्यात घेऊन गेलात. आई एका म्हाताऱ्या बाईची चादर बदलत होती. एका हाताने तिला कुशीवर धरलेलं, दुसऱ्या हाताने खालची घाण काढत होती, आणि तोंडाने त्या बाईला तिच्या सुनेवरून चिडवत होती. म्हातारी तशातही हसत होती. आम्ही दारातून बघत राहिलो. आईने आम्हाला बघितलंच नाही. बाहेर येऊन तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि बोललात, "ती कुठे असते ते तुला बघायचं होतं ना? बघितलंस. यापुढे विचारू नकोस असं नाही म्हणत मी. पण चौकीदारासारखं विचारायचं नाही." परत येताना पत्रीपुलावर एवढंच विचारलंत, "ती म्हातारी का हसत होती रे?"

तिसऱ्या दिवशी मी फोन लावला. पोराने उचलला. मी बोललो, "त्या मुलीला सॉरी बोल. आपण कोणाला असं विचारायचं नसतं."

"तू पण विचारतो ना आईला."

"माझं चुकलं."

"मग आईला सॉरी बोल."

तिने फोन घेतला तेव्हा मी बोललो. मागून पोरगा ओरडला, "कान धरून. बाईंनी मला कान धरायला लावले." तर बाबा, मी कान धरले. पाच जणांसमोर, बेडवर मांडी घालून. खोलीत एवढा हशा झाला की बाजूच्या खोलीतले बघायला आले. काका बोलला, "गेला हा कामातून." त्याने आपला राउंड सोडलेला नाही, अजून चालू आहे. पण त्या दिवशी तिच्या तोंडावर काय होतं ते मी बघत होतो, त्यामुळे मला बाकीचं फारसं ऐकू आलं नाही.

तेव्हापासून मी तिला कुठे आहेस विचारत नाही. आज काय झालं ते विचारतो. ती सांगते, आणि मला चार वर्षांत कधी कळलं नव्हतं असं काय काय कळतं. कुठल्या आजीची शीर सापडत नाही. कोण आजोबा रक्त द्यायच्या आधी तिच्यासाठी चहा टाकून ठेवतात, आणि उपाशीपोटी तपासणी असल्यामुळे स्वतः पिऊ शकत नाहीत म्हणून कपाकडे बघत बसतात. ती सांगताना हात हलवते, फोन आपोआप फिरतो, कधी छत दिसतं, कधी आई दिसते. ती मुलगी आपल्या पोराच्या बाकावर परत बसायला लागली आहे. तो बोलतो, "ती पाणी प्यायला जाते तेव्हा मी तिचं दप्तर सांभाळतो. ती बोलली म्हणून."

मी अगदी सुधारलोय असं नाही. परवा ती मैत्रिणींबरोबर खडवलीला नदीवर गेलेली, चार तास फोन लागत नव्हता. मी आईला फोन केला, सहज म्हणून. आई बोलली, "तुला तिच्याशी बोलायचंय की तिच्याबद्दल?" मी खरं सांगितलं, तिच्याबद्दल. आईने फोन ठेवला. ते चौकीदाराचं तुम्ही हिच्याकडूनच शिकला असणार, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

आणि एक. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं, एवढा काही अडाणी नाही मी. यातलं अर्धं तिलाच लिहायला पाहिजे. तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. तिचं पान मी सकाळीच वेगळं काढलंय. पण सात वर्षांत मी तिला "अगं" सोडून दुसरी हाक मारलेली नाही, त्यामुळे सुरुवातीलाच अडलो. सकाळपासून त्या पानावर फक्त तिचं नाव लिहून झालंय.