रुमालाखाली ठरलेला सर्व्हर

सांगली,
ऑगस्ट १९९९

प्रिय धवल,

सर्व्हर आला. एक नाही, दोन आले. हसू नकोस. मी घाबरले आहे, आणि ते आधीच लिहून टाकते. नाहीतर तू मला ओळखतोस, मी हळदीच्या भावावर पानभर लिहीन आणि पत्र बंद करीन.

तू म्हणालास, भाड्याच्या मशीनवरची आपली वेबसाइट सारखी बंद पडते, परदेशातली गिऱ्हाइकं हळद न मागवताच निघून जातात. तेव्हा स्वतःचा साधासा सर्व्हर घेऊ, तुम्ही सांगली-साताऱ्यात भाव काढा, मी येऊन पुण्याच्या ऑफिसात नेऊन लावतो. बाबांना तेवढंच हवं होतं. अडत बंद केल्यापासून त्यांना कुणी भावाचं विचारलं नव्हतं. रॅम कशाशी खातात ते ठाऊक नाही, पण एसटीने साताऱ्याला जाऊन तिथल्या दुकानदाराला घाम फोडून आले. कोण दुसरी हार्ड डिस्क देतो, कुणाच्या भावात यूपीएस धरलाय, दुरुस्ती कुणाकडे, सगळं मला तोंडपाठ म्हणून दाखवायचे. मी म्हटलं, कागदावर उतरवून ठेवा. तर चिडले. जन्मभर रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून हळदीचे सौदे केले, एक भाव लिहिला नाही की विसरला नाही, हे पुन्हा ऐकवलं. साताऱ्याच्या दुकानातही त्यांनी रुमाल पसरला म्हणे. तो बिचारा काय करणार, त्यानेही हात घातला. त्या दिवशी आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

मग इथलं कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी अंकिता मला मंडईत भेटली. काका रोज येऊन तोच भाव नव्याने विचारतात, आमच्यावर रागावलेत का, असं तिने हळूच विचारलं. मी तिच्यावरच डाफरले. घासाघीस अशीच करतात, म्हटलं. घरी आल्यावर बाबांना विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

पुढे साताऱ्याचं खोकं आलं, आणि पाठोपाठ अंकिताचं. सौदा दोन्हीकडे पक्का केला होता. दुसरा करताना पहिला त्यांच्या लक्षातच नव्हता. कुठे चिटोरंही नव्हतं, मग मला तरी कसं कळावं? मी भांडायच्या तयारीत होते. ते खोक्यांकडे बघत खुर्चीत बसून राहिले. मग माझा हात ओढून त्यांनी रुमालाखाली घेतला. बोटं धरली, सोडली, पुन्हा धरली.

“शरयू, कुठल्या बोटाला किती, ते आठवंना झालंय मला,” म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं रे.

खोक्याचं काही नाही, अंकिता एक परत नेते म्हणाली. डॉक्टरांकडे मात्र ते यायला तयार नाहीत, आणि तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे. ती मोडून लिहिते आहे. रविवारी तुझा फोन आला, ते तुझ्याशी यूपीएसबद्दल किती छान बोलले, तू खूश झालास. फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, “कुठल्या दुकानातला माणूस हुता गं ह्यो?”

तू ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई